राखीव वॉर्डामुळे कामात फरक पडतो का? इंदूरमध्ये हे मोजायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी इंदूरला राज्यशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महिलांसाठी राखीव असलेल्या वॉर्डांत पाणी, सफाई, अंगणवाडी यांची कामं वेगळी होतात का, यावर लघुप्रबंध करायचा आहे. लाडली बहना योजनेचा (बायकांच्या खात्यात सरकारकडून पैसे) मतदानावर झालेला परिणाम आणि इंदूरच्या मराठी समाजाचं घटलेलं प्रतिनिधित्व हेही त्यात घ्यावं, असं मार्गदर्शक म्हणतात. हातात चार महिने आहेत, मदतीला तीन मैत्रिणी आहेत. सुरुवात कुठून करू?”

तुमच्या प्रश्नात तीन लघुप्रबंध आहेत आणि महिने चार. त्यामुळे आधी एक विषय निवडा, आणि तो राखीव वॉर्डांचाच निवडा. कारण एवढंच की या तीन विषयांपैकी फक्त याच ठिकाणी सरकारने स्वतः चिठ्ठ्या टाकल्या आहेत. बाकी दोन्हीकडे कुठल्या गोष्टीमुळे काय झालं हे वेगळं काढणं फार कठीण जातं. ते का, हे पुढे सांगतो, म्हणजे मार्गदर्शकांना उत्तर देता येईल.

आरक्षण नेमकं कसं ठरतं, हे आधी पक्कं करा. या विषयावरचे बहुतेक लघुप्रबंध इथेच फसतात. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ला लागू झाली. तिने आणलेल्या अनुच्छेद २४३-टी प्रमाणे नगरपालिकांत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव असतात. मध्य प्रदेशाने हे प्रमाण निम्म्यावर नेलं आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठीचे वॉर्ड लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यावरून ठरतात, म्हणजे ज्या वॉर्डात वस्ती जास्त तो वॉर्ड राखीव होतो. महिलांच्या जागा मात्र प्रत्येक वर्गाच्या आत चिठ्ठीने निघतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, सगळ्यांसमोर. राजपत्रातल्या यादीत म्हणूनच ‘अनारक्षित मुक्त’, ‘अनारक्षित महिला’, ‘ओबीसी मुक्त’, ‘ओबीसी महिला’ असे जोडीजोडीने रकाने दिसतात. ‘मुक्त’ म्हणजे महिलांसाठी राखीव नसलेला.

या जोड्यांवर तुमचं सगळं काम उभं राहणार आहे. अनुसूचित जातीसाठी राखीव वॉर्डाची तुलना अनारक्षित वॉर्डाशी केली, तर तुम्ही गरीब वस्ती आणि सुखवस्तू कॉलनी यांच्यातला फरक मोजाल आणि तो आरक्षणाच्या नावावर मांडाल. ‘अनारक्षित महिला’ आणि ‘अनारक्षित मुक्त’ यांची तुलना मात्र न्याय्य आहे, कारण त्यांच्यात चिठ्ठीखेरीज ठरवून केलेला फरक नाही. तेव्हा तुलना नेहमी वर्गाच्या आत करा आणि मग चारही वर्गांचे आकडे वॉर्डांच्या संख्येच्या प्रमाणात एकत्र करा. ओबीसींच्या जागांबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १० मे रोजी मध्य प्रदेशात ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणुका घ्यायला सांगितलं आणि मागासवर्ग आयोगाचा अहवाल आल्यावर १८ मे रोजी ते आरक्षण मान्य केलं, अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून ५० टक्क्यांची मर्यादा ठेवून. त्या घाईच्या काळातल्या एकापेक्षा जास्त याद्या फिरत असतात. अंतिम अधिसूचना कोणती, हे तारीख बघूनच ठरवा. वर्तमानपत्राच्या कात्रणावरून तर मुळीच नको.

दुसरी चूक पार्षदाच्या लिंगावरून गट पाडण्याची. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: इंदूरची मराठी माणसं नगरसेवकाला पार्षदच म्हणतात आणि महापालिकेला निगम.) मुक्त वॉर्डातून निवडून आलेली बाई ही पक्षाने तिकीट दिलेली, पुरुषांना हरवून आलेली बाई असते. तिला ‘महिला पार्षद’ या गटात टाकलं की चिठ्ठीचा सगळा फायदा गेला. गट पाडायचे ते वॉर्ड राखीव होता की नव्हता यावरून. मुक्त वॉर्डात बाई निवडून आली असेल तरी तो वॉर्ड मुक्त गटातच राहील.

आता एक कागद घ्या आणि चार खाने आखा. आडव्या ओळीत २०१५ची निवडणूक: राखीव, मुक्त. उभ्या ओळीत २०२२ची: राखीव, मुक्त. इंदूरचे ८५ वॉर्ड एकेक करून या चार खान्यांत टाका. हे काम एका दुपारचं आहे आणि लघुप्रबंध कोणत्या दिशेने जाऊ शकतो हे त्यातून कळतं. आरक्षण एक तृतीयांश असतं तेव्हा चारही खाने बऱ्यापैकी भरतात. ते निम्मं असेल आणि चक्रानुक्रम काटेकोर पाळला असेल, तर गेल्या वेळचे राखीव वॉर्ड या वेळी मुक्त आणि गेल्या वेळचे मुक्त या वेळी राखीव, अशी अदलाबदल होते. मग ‘दोन्ही वेळा मुक्त’ हा खाना जवळजवळ रिकामा राहतो आणि पुढे सांगतो ती एक प्रसिद्ध तुलना करताच येत नाही. वॉर्डाचा क्रमांक तोच असला म्हणजे हद्दही तीच असेल, असं धरून चालू नका. २०११च्या जनगणनेत इंदूरचे ६९ वॉर्ड होते. नंतर २९ गावं निगमच्या हद्दीत आली आणि वॉर्ड ८५ झाले. दोन निवडणुकांतल्या हद्दींचं वर्णन (कोणत्या रस्त्यापासून कोणत्या नाल्यापर्यंत) शेजारी शेजारी ठेवून वाचा. ज्या वॉर्डाचा मोठा भाग बदलला असेल, त्याच्यासमोर खूण करा आणि तो वगळून हिशेब एकदा वेगळा करा.

ती प्रसिद्ध तुलना मुंबईतली. रिखिल भावनानी यांनी २००९मध्ये मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२च्या निवडणुका तपासल्या. १९९७ला महिलांसाठी राखीव असलेले आणि २००२ला खुले झालेले वॉर्ड एका बाजूला, दोन्ही वेळा खुले असलेले दुसऱ्या बाजूला. आधी राखीव असलेल्या वॉर्डात आरक्षण उठल्यावरही बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. तुमच्या मनात हाच हिशेब इंदूरवर करायचा असेल, तर आधी नमुन्याचा आकार बघा. समजा ४२ मुक्त वॉर्डांपैकी २१ पूर्वी राखीव होते आणि २१ नव्हते. पहिल्या गटात ४ बायका आल्या, दुसऱ्यात १. चौपट फरक! पण ५ बायका ४२ वॉर्डांत नुसत्या योगायोगाने विखुरल्या असत्या, तरी दुसऱ्या गटात एक किंवा एकही न येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के निघते. म्हणजे इंदूर एकट्याने हा प्रश्न सोडवू शकत नाही. भोपाळचे ८५, जबलपूरचे ७९, ग्वाल्हेरचे ६६ आणि उज्जैनचे ५४ मिळवले की ३६९ वॉर्ड होतात. त्यांतल्या निम्म्या मुक्त वॉर्डांत, ९२-९२च्या दोन गटांत, १८ विरुद्ध ५ असा फरक आला, तर तो योगायोगाचा असण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. ही सगळी माहिती मध्य प्रदेश राज्य निर्वाचन आयोगाकडची निकालपत्रं आणि राजपत्र यांतून मिळते, त्यासाठी घरोघर फिरावं लागत नाही. चार महिन्यांत मनासारखं पुरं होईल असं हेच काम आहे, आणि खाने साथ देत असतील तर मी तुम्हाला हेच सुचवेन.

खाने साथ देत नसतील, किंवा तुम्हाला कामांतलाच फरक बघायचा असेल, तर २०२२चे राखीव आणि मुक्त वॉर्ड यांची सरळ तुलना करा. तिला मागच्या निवडणुकीची गरज नाही. इथे अडचण वेगळी आहे: मोजायचं काय?

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा २००४चा अभ्यास सगळेच सांगतात. पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर, एकूण २६५ ग्रामपंचायती. महिला प्रमुख असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्या अभ्यासाचा गाभा मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतो. त्यांनी आधी गावातल्या बायका काय मागतात आणि पुरुष काय मागतात याची वेगवेगळी मोजदाद केली. बंगालमध्ये बायका पाणी आणि रस्ता दोन्ही मागत होत्या, तिथे महिला प्रमुखांनी दोन्हीवर खर्च केला. राजस्थानात रस्त्याची मागणी पुरुषांची होती, आणि तिथे महिला प्रमुखांच्या काळात रस्त्याची कामं कमी झाली. ‘बाई आली म्हणून पाणी आलं’ एवढंच घेऊन इंदूरला उतरलात तर चुकाल. बायकांची मागणी इथे काय आहे, हे आधी तुम्हाला मोजावं लागेल. ती कदाचित पथदिवे असेल, कदाचित ड्रेनेज असेल, बागेला दार आणि पहारेकरी असेल.

तुमच्या यादीतली अंगणवाडी काढून टाका. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आहे, निगमकडे नाही. पार्षद पत्र देऊ शकतात, मंजुरी देऊ शकत नाहीत. सफाईही काढा. इंदूर २०१७पासून स्वच्छ सर्वेक्षणात सातत्याने वर आहे, आणि कचरागाड्यांची व्यवस्था आयुक्तांच्या पातळीवरून सगळ्या शहरासाठी एकसारखी चालते. वॉर्डावॉर्डांत फरकच नसेल, तर त्या फरकाचं कारण काय शोधणार? जिथे पार्षदाचा हात पोचतो ते घ्या: वॉर्डातल्या गल्लीबोळांचं काँक्रीट, नाली आणि चेंबर, पथदिवे, बगिचे, सार्वजनिक शौचालयं, पार्षद निधीतून सुचवलेली कामं. पाणी ही मधली गोष्ट आहे. नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, मुख्य वाहिनी आणि टाक्या पार्षदाच्या हातात नाहीत, पण गल्लीतली वितरण वाहिनी आणि टँकर यांत पार्षदाचा शब्द चालतो. म्हणून पाणी मोजायचं असेल तर वाहिनीबद्दल विचारा, शहराच्या पुरवठ्याबद्दल नको.

या कामांचे कागद निगमच्या झोन कार्यालयांत असतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज हिंदीत करा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, एवढेच पर्याय आहेत. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणजे तुमच्या चार महिन्यांतला एक महिना इथेच गेला, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात पडला पाहिजे. आणि तो कसा लिहिता यावर सगळं आहे. ‘मागच्या तीन वर्षांत महिला वॉर्डांत किती आणि का कमी कामं झाली’ असं विचारलंत तर उत्तर येईल की अशी माहिती संकलित स्वरूपात ठेवली जात नाही, आणि ते उत्तर कायद्याला धरून असेल. कायदा असलेल्या नोंदीची प्रत देतो, तुमच्यासाठी हिशेब करून देत नाही, आणि ‘का’ला उत्तर देत नाही. त्याऐवजी असं लिहा: “झोन क्रमांक अमुक अंतर्गत वॉर्ड क्रमांक अमुक ते अमुक, वर्ष २०२३-२४ में जारी समस्त कार्यादेशों की पंजी की प्रमाणित प्रति.” एका अर्जात एक झोन, एक वर्ष, एक नोंदवही. सगळ्या शहराचं एकदम मागितलंत तर साधनसामग्री अवाजवी प्रमाणात खर्ची पडेल म्हणून मागितलेल्या स्वरूपात देता येत नाही, असं सांगायला त्यांना कलम ७(९) मोकळं आहे. त्याच अर्जात अवलोकनाची परवानगीही मागा. पुष्कळदा समोर बसून वही बघणं आणि नेमक्या पानांच्या प्रती घेणं लवकर होतं. प्रतीचे पानामागे २ रुपये धरा.

कार्यादेश हातात आला की त्यातली रक्कम लगेच बेरजेत टाकू नका. कार्यादेश म्हणजे काम करायला सांगितलं. झालं किती, हे माप पुस्तिकेत असतं. दहा-पंधरा कामांची जागेवर जाऊन पडताळणी करा: नोंदीत जितके मीटर नाली आहे तितकी आहे का, पट्टी लावून. पथदिवे रात्री मोजा. दिवसा मोजलेला खांब रात्री पेटतोच असं नाही. दोन वॉर्डांच्या सीमेवरच्या रस्त्याचं काम कोणाच्या नावावर धरायचं, याचा नियम पहिल्या दिवशी लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक मैत्रीण आपापल्या समजुतीने भरेल.

‘इंदौर ३११’ ॲपवरच्या किंवा १८१ हेल्पलाइनवरच्या तक्रारी हा सोपा आकडा वाटतो. तो मोहात पाडतो आणि फसवतो. तक्रारींची संख्या सांगते की तक्रार कोण करतं. ज्या वॉर्डात पार्षद फोन उचलतात तिथे ॲपवर तक्रारी कमी दिसतील. ज्या वॉर्डात पार्षद लोकांना ॲप डाउनलोड करायला लावतात तिथे जास्त. बायकांच्या मागण्या कोणत्या, हे समजायला मंगळवारच्या जनसुनवाईतले (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात, तिथले) अर्ज जास्त उपयोगी आहेत, कारण अर्जावर अर्जदाराचं नाव आणि मागणी दोन्ही असतात. तिथेही बाईच्या नावाने नवऱ्याने लिहिलेला अर्ज असतो, हे धरून चाला.

घरोघर पाहणी करणारच असाल, तर घरांपेक्षा वॉर्ड वाढवा. वीस वॉर्डांत प्रत्येकी तीस घरं, म्हणजे सहाशे घरं, हे ऐकायला भक्कम वाटतं. पण एका गल्लीत नाली तुंबली तर ती तीसही घरांत तुंबलेली असते, तीस वेळा विचारून माहिती तीसपट होत नाही. एका वॉर्डातल्या उत्तरांतलं साम्य ०.३ धरलं (० म्हणजे साम्यच नाही, १ म्हणजे सगळी उत्तरं सारखी; नाली-पाण्याच्या बाबतीत ०.३ हे जास्त नाही), तर सहाशे घरांचं खरं वजन सुमारे ६२ घरांइतकंच उरतं. तीच सहाशे घरं चाळीस वॉर्डांत पंधरा-पंधरा विखुरली तर वजन ११५ होतं. पायपीट वाढते, पण उत्तर भक्कम होतं. एक जण दिवसाला आठ ते दहा घरं नीट करू शकते. चौघींनी मिळून सहाशे घरांना पंधरा ते एकोणीस दिवस लागतील, उन्हाळा असेल तर जास्तच.

प्रश्न असे विचारा की उत्तरात आकडा येईल. ‘पाण्याबाबत समाधानी आहात का?’ याला चांगल्या पार्षदाच्या वॉर्डातही ‘कुठे हो’ आणि वाईट वॉर्डातही ‘चाललंय’ असंच उत्तर मिळतं. त्याऐवजी: नळ किती दिवसाआड येतो? किती मिनिटं? किती वाजता? मोटर लावल्याशिवाय वर चढतं का? मागच्या तीस दिवसांत टँकर किती वेळा आला, आणि बोलावलं कोणी? पार्षदांचं नाव काय? हा शेवटचा प्रश्न पुष्कळ काही सांगतो. राखीव वॉर्डात किती घरं पार्षदबाईंचं नाव घेतात आणि किती घरं त्यांच्या यजमानांचं, ही तुमची पार्षद-पतीची, म्हणजे बायकोच्या जागी कारभार बघणाऱ्या नवऱ्याची, पहिली आणि सर्वांत स्वस्त मोजणी.

पार्षद-पतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयावर मतं पुष्कळ आणि मोजमाप फार थोडं आहे. आधी सरळ न्यायाची गोष्ट: जे प्रश्न महिला पार्षदांबद्दल विचाराल, तेच सगळे पुरुष पार्षदांबद्दलही विचारा. पुरुष पार्षदही मोठ्या भावाच्या, आमदाराच्या, एखाद्या भय्याच्या सांगण्यावर चालतात, आणि त्यांना कोणी ‘पार्षद-बंधू’ म्हणत नाही. फक्त बायकांना विचारलंत, तर परावलंबन फक्त बायकांतच सापडेल. मोजायच्या जागा अशा: निगम परिषदेच्या संमेलनाचं कार्यवृत्त, त्यात उपस्थिती आणि कोण किती वेळा बोललं, झोनला गेलेल्या पत्रांवरची सही आणि अक्षर, जाहीर केलेला मोबाइल नंबर लावल्यावर फोन कोण उचलतं (तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी लावा आणि वेळ लिहून ठेवा), आणि झोनच्या उपयंत्र्याला (अभियंत्याला) विचारलेला प्रश्न, ‘मागच्या महिन्यात या वॉर्डातून कामासाठी तुमच्याकडे कोण आलं?’ मुलाखतीला गेलात की बैठकीत यजमान बसतात आणि उत्तर तेच देतात. त्यांना बाहेर जायला सांगू नका, मुलाखत तिथेच संपेल. दोघी जा. एकीने यजमानांना निवडणुकीच्या प्रचाराबद्दल, बूथच्या बांधणीबद्दल विचारत ठेवायचं. ते आनंदाने बोलतात, आणि ती माहितीही उपयोगाची असते. तेवढ्यात दुसरीने बाईंशी आतल्या खोलीत बोलायचं. प्रत्येक उत्तरासमोर कोण बोललं याचं अक्षर टाका: ‘प’ (पार्षद), ‘य’ (यजमान) किंवा ‘दोघं’. शेवटी हाच रकाना सगळ्यांत जास्त बोलतो. आणखी एक: पहिल्या वर्षी यजमानांच्या मागे उभ्या राहणाऱ्या बाई तिसऱ्या वर्षी एकट्या झोनवर जातात, असं होऊ शकतं. एकाच वेळची मोजणी करून ‘नामधारी’ असा शिक्का मारू नका. कार्यवृत्तं २०२२पासूनची काढा आणि वर्षानुसार लावा.

आता लाडली बहना. ५ मार्च २०२३ला योजना सुरू झाली, १० जूनला पहिले १,००० रुपये खात्यांत गेले, निवडणुकीच्या तोंडावर रक्कम १,२५० झाली, १७ नोव्हेंबरला मतदान झालं आणि भाजपला २३०पैकी १६३ जागा मिळाल्या. क्रम इतका नेटका आहे की कारण सापडल्यासारखं वाटतं. बूथच्या आकड्यांवरून ते सिद्ध करायला जाऊ नका. फॉर्म २० मध्ये मतदान केंद्रानुसार प्रत्येक उमेदवाराची मतं असतात, पण कुठलं मत बाईचं हे कुठेच नसतं. एका केंद्रावर १,००० मतं पडली, त्यांत ५०० बायकांची, आणि पक्षाला ६०० मिळाली असं धरा. पुरुषांनी सगळी मतं त्या पक्षाला दिली असतील तर बायकांची १०० उरतात. सगळ्या बायकांनी दिली असतील तर ५००. म्हणजे बायकांचा पाठिंबा २० टक्के ते १०० टक्के यांमध्ये कुठेही असू शकतो. हा आकडा आवळायला केंद्राकेंद्रांत बायकांचं प्रमाण वेगवेगळं हवं, आणि ते तर सगळीकडे निम्म्याच्या आसपास असतं. त्यातून इंदूर जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा एकाच पक्षाने जिंकल्या, त्यामुळे जागांच्या पातळीवरही तुलनेला काही शिल्लक नाही.

वयाची अट वापरता येईल, हे कोणीतरी सुचवेल. योजना सुरुवातीला २३ ते ६० वयासाठी होती, मग खालची मर्यादा २१ झाली. साठीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बायका शेजारी ठेवायच्या, ही कल्पना चांगली आहे. पण साठाव्या वर्षीच गरीब घरांत वृद्धावस्था पेन्शनही सुरू होऊ शकते, म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंना सरकारी पैसा आहे. शिवाय वय विचारलं की ‘साठ’ हे उत्तर गरजेपेक्षा जास्त वेळा येतं. जन्मतारीख समग्र आयडीवरून (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकावरून) घ्यावी लागते. आणि निवडणुकीनंतर ‘मत कोणाला दिलं’ विचारलं की जिंकलेल्या पक्षाला प्रत्यक्षापेक्षा जास्त मतं सापडतात. हे तीन अडथळे पार करायला चार महिने आणि चौघी पुरणार नाहीत.

२०२४ची लोकसभा तर आकड्यांच्या मालिकेत घेऊच नका. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, विजयी उमेदवाराला १२,२६,७५१ मतं मिळाली आणि ‘नोटा’ला २,१८,६७४. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, चांगला विषय आहे, पण आधीच्या निवडणुकांशी रेघ जोडून ‘काँग्रेसची घसरण’ काढणं चूक होईल.

मराठी समाजाच्या प्रतिनिधित्वाबद्दल तुमची कळकळ समजते. सुमित्राताई महाजन १९८९ ते २०१४ सलग आठ वेळा इथून निवडून आल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. त्यामुळे आज कोणी दिसत नाही ही भावना रामबाग, नारायण बाग भागातल्या घरांत खरी आहे. पण ‘घटलं’ म्हणायला छेद हवा: शहरात मराठी भाषक किती आणि कुठे? जनगणनेच्या भाषेच्या तक्त्यात वॉर्डनिहाय आकडे मिळत नाहीत. वॉर्डाच्या प्राथमिक गोषवाऱ्यात लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमाती, साक्षरता आणि कामकरी एवढंच असतं. उरते मतदार यादी, आडनावांवरून.

आणि इथे यादीचं एक पान जवळून बघायला हवं. यादी हिंदीत आहे, तिच्यात ळ नाही. काळे तिथे ‘काले’ होतात, होळकर ‘होलकर’, मुळे ‘मुले’. शिंदे कुठे ‘शिन्दे’, कुठे ‘सिंदे’. मराठी आडनावांची तयार यादी घेऊन शोधलंत तर अशी घरं सुटतील. उलट जोशी मराठीही असतात, गुजराती, राजस्थानीही. पवार आणि पंवार एकाच भागात दोन वेगळ्या समाजांचे असू शकतात, आणि लिहिणाऱ्याने अनुस्वार गाळला की ते एक होतात. चव्हाण आणि चौहान, सोळंकी आणि सोलंकी यांचंही तेच. ‘कर’ने संपणारी आडनावं बऱ्यापैकी भरवशाची. बाकीच्यांसाठी घर क्रमांकाने कुटुंब एकत्र करा आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची नावं बघून ठरवा. तीन ढीग करा: नक्की मराठी, नक्की नाही, सांगता येत नाही. तिसरा ढीग लपवू नका. एकदा तो सगळा मराठीत धरून आणि एकदा सगळा बाहेर ठेवून, असे दोन आकडे द्या. शंभर नावं दोघींना स्वतंत्रपणे लावायला द्या. दहापेक्षा जास्त ठिकाणी मतभेद झाला तर नियम पुन्हा लिहा. यादीच्या पहिल्या पानावर त्या भागातले अनुभाग, म्हणजे कॉलनी-मोहल्ले दिलेले असतात. विधानसभेचा भाग निगमच्या कोणत्या वॉर्डात पडतो, हे जुळवायला तेच उपयोगी पडतं, कारण दोन्ही निवडणुकांचे केंद्र क्रमांक वेगळे असतात. नोव्हेंबर २०२५मध्ये सुरू झालेल्या मतदार याद्यांच्या विशेष गहन पुनरीक्षणाच्या (सखोल फेरतपासणीच्या) आधीची यादी आणि नंतरची यादी यांची तुलना करून ‘मराठी मतदार कमी झाले’ असा निष्कर्ष काढू नका. वगळलेली आणि स्थलांतरित नावं सगळ्याच समाजांत आहेत. नावानिशी यादी लघुप्रबंधाला जोडू नका, कोणाला पाठवू नका. फक्त वॉर्डाची बेरीज ठेवा आणि काम झाल्यावर मूळ फाइल पुसून टाका.

हे काम तुम्हाला परिशिष्ट म्हणून करता येईल, तेही राखीव वॉर्डांपैकी तीन-चारच वॉर्डांत. मार्गदर्शकांपुढे जाताना भरलेले चार खाने, अंतिम अधिसूचनेची प्रत आणि पहिल्या माहिती अर्जाची पोच घेऊन जा. सीमेवरचा रस्ता कोणाचा, वॉर्डाची हद्द किती बदलली म्हणजे तो वगळायचा, कोणत्या पाच कामांची मोजणी करायची, हे नियम एका पानावर लिहून, खाली तारीख घालून, ते पान कार्यादेशांच्या वह्या हाती येण्याआधी त्यांच्याकडे जमा करा.